लशीवर शंका की सरकारवर? महासाथीतला फ्रान्स, सोप्या भाषेत

डिसेंबर २०२० मध्ये इप्सोस या सर्वेक्षण संस्थेने १५ देशांतल्या लोकांना विचारलं, 'करोनाची लस मिळाली तर घ्याल का?' फ्रान्समध्ये 'हो' म्हणणारे ४० टक्के निघाले. पंधराही देशांत हा आकडा सर्वांत कमी होता. पुढे नऊ महिन्यांच्या आत, १७ सप्टेंबर २०२१ ला, सुमारे ६.७ कोटी वस्तीच्या या देशात पहिला डोस घेतलेल्यांची संख्या ५ कोटींवर पोचली. बारा वर्षांखालच्या मुलांना तोवर लस खुलीच नव्हती, हे धरलं तर जवळपास सगळा पात्र देश लसीकरण केंद्रात जाऊन आला होता.

दोन्ही आकडे खरे आहेत. मधल्या काळात फ्रेंच लोकांचं मतपरिवर्तन झालं, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. मत फारसं बदललं नाही, वागणं बदललं. हा फरक समजला की फ्रान्सचं महासाथीतलं राजकारण बरंच उलगडतं.

सर्वेक्षणातला 'नाही' नेमका कशाला?

लशीबद्दलची सर्वेक्षणं वाचताना आधी प्रश्न बघावा. 'लस सुरक्षित आहे असं वाटतं का?', 'तुम्ही घ्याल का?' आणि 'मुलाला दिली का?' या तीन प्रश्नांची उत्तरं एकाच घरात तीन वेगळी येतात. २०१६ मध्ये ६७ देशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'लशी सुरक्षित आहेत' या विधानाशी असहमत असणारे फ्रान्समध्ये ४१ टक्के होते, जगात सर्वाधिक. रेबीजची लस शोधणाऱ्या लुई पाश्चर यांचा आणि बीसीजी शोधणाऱ्या काल्मेत व गेरँ यांचा हा देश, म्हणून त्या आकड्याची जगभर बातमी झाली. पण त्याच वेळी घटसर्प, धनुर्वात आणि पोलिओ या सक्तीच्या तीन लशी फ्रान्समधल्या ९५ टक्क्यांहून जास्त बाळांना दिल्या जात होत्या. शंका घेणारे आईबापच बाळाला घेऊन दवाखान्यात जात होते.

गोवराची लस तेव्हा ऐच्छिक होती आणि तिथे चित्र उलटं होतं. दुसऱ्या डोसचं प्रमाण बरंच खाली राहिलं आणि २००८ ते २०१२ या काळात गोवराचे २० हजारांहून जास्त रुग्ण सापडले. तेव्हा आरोग्यमंत्री आन्येस ब्युझँ यांनी १ जानेवारी २०१८ पासून बाळांसाठी सक्तीच्या लशी ३ वरून ११ केल्या. आरडाओरडा झाला, पण लसीकरणाचं प्रमाण वाढलं. समजावून जे होत नाही ते नियमाने होतं, हा धडा पॅरिसमधल्या मंत्रालयांनी करोनाच्या दोन वर्षं आधीच गिरवला होता. २०२१ मध्ये तोच पुन्हा वापरला गेला.

आणखी एक गोष्ट. लशीला कायम विरोध असणारे लोक फ्रान्समध्येही थोडेच आहेत. मोठा गट काठावर बसलेल्यांचा असतो. 'थांबून बघू', 'ही लस नको, ती चालेल', 'माझ्या डॉक्टरांनी सांगितलं तर घेईन' असं म्हणणारे हे लोक. मार्च २०२० मध्ये लस अस्तित्वातही नव्हती, तेव्हा फ्रेंच संशोधकांच्या पाहणीत २६ टक्के लोक 'घेणार नाही' म्हणाले. कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण ३७ टक्के होतं आणि तरुण स्त्रियांतही जवळपास तेवढंच. घरातल्या मुलांच्या लशी, औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम यांचा हिशेब बहुतेक ठिकाणी बायकाच ठेवतात, त्यामुळे शंकाही आधी त्यांच्याच वाट्याला येते.

राजकीय कल बघितला तर डावे एका बाजूला आणि उजवे दुसऱ्या बाजूला अशी फाळणी दिसत नाही. नकार देणारे जास्त सापडतात ते दोन्ही टोकांना आणि मतदानालाच न जाणाऱ्यांत. कडव्या उजव्या नेत्या मरीन ल पेन यांचे मतदार, कडव्या डाव्या उमेदवारांचे मतदार आणि 'सगळे सारखेच' म्हणून घरी बसणारे यांचं लशीबाबत उत्तर मिळतंजुळतं होतं. मध्यममार्गी पक्षांचे मतदार मात्र लशीच्या बाजूने होते. सरकारवर ज्याचा भरवसा आहे तो लस घेतो, असा सरळ धागा इथे दिसतो.

भरवसा कुठे गेला?

हा भरवसा आटायला तीस-पस्तीस वर्षं लागली, आणि प्रत्येक टप्प्याला तारीख आहे.

१९८५ मध्ये रक्तपेढ्यांच्या राष्ट्रीय केंद्राने हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना एचआयव्हीने दूषित रक्तघटक दिले. विषाणू मारण्यासाठी ते तापवून द्यायला हवे होते, पण जुना साठा संपवला गेला. हजाराहून जास्त रुग्णांना संसर्ग झाला आणि शेकडो दगावले. १९९९ मध्ये माजी पंतप्रधान लोराँ फाबियुस यांच्यासह तिघांवर खटला चालला. दोघे निर्दोष सुटले, तिसरे दोषी ठरले पण त्यांना शिक्षा झाली नाही. 'मंत्री सुटतातच' ही समजूत तिथून पक्की झाली.

१९९४ मध्ये शाळांतून हेपटायटिस-बीची लस द्यायला सुरुवात झाली. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराशी तिचा संबंध असावा अशी शंका निघाली आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये आरोग्यमंत्री बेर्नार कुश्नेर यांनी शाळांतली मोहीम थांबवली. नंतरच्या अभ्यासांत तसा संबंध सिद्ध झाला नाही. मंत्रालयाचं म्हणणंही बारीक होतं: शाळेत थांबवतोय, डॉक्टरांकडे जाऊन घ्या. लोकांपर्यंत त्यातलं फक्त 'थांबवली' एवढंच पोचलं.

मग २००९ चा स्वाइन फ्लू. करोनातल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे सापडतं, म्हणून हा प्रसंग जरा सविस्तर. आरोग्यमंत्री रोझलिन बाशलो यांनी लशीचे ९.४ कोटी डोस मागवले. हिशेब माणशी दोन डोसांचा होता. पुढे एकच पुरेसा असल्याचं कळलं. आजारही भीती होती तितका जीवघेणा निघाला नाही. लस देण्यासाठी व्यायामशाळा आणि क्रीडागृहं ताब्यात घेतली गेली, लोकांना टपालाने कुपनं धाडली गेली आणि फॅमिली डॉक्टरांना या कामातून वगळलं गेलं. ज्या एका माणसाचं ऐकून फ्रेंच कुटुंब औषध घेतं, तोच बाजूला काढला. दुखावलेले डॉक्टर रुग्णांना लस घ्या असं आग्रहाने सांगेनात. शेवटी दहातल्या एकानेही लस घेतली नाही आणि ५ कोटी डोसांची मागणी रद्द करावी लागली. बाशलो यांची उधळपट्टीवरून यथेच्छ टिंगल झाली.

जास्त साठा केला म्हणून मंत्र्याची अब्रू जाते, हे पुढच्या सरकारांनी पाहिलं होतं. २००९ च्या सुमारास सरकारी गोदामांत सुमारे १०० कोटी सर्जिकल मास्क होते. मार्च २०२० मध्ये त्यातले ११.७ कोटी उरले होते.

चौथा टप्पा औषधकंपन्यांचा. सेर्व्हिए या फ्रेंच कंपनीची 'मेदियातोर' नावाची गोळी मधुमेहासाठी होती, पण वजन उतरवण्यासाठीही सर्रास लिहून दिली जायची. तिने हृदयाच्या झडपा खराब होतात हे ब्रेस्त शहरातल्या फुप्फुसतज्ज्ञ इरेन फ्राशाँ यांनी लावून धरलं आणि २००९ मध्ये ती बाजारातून गेली. खटल्याचा निकाल लागला २९ मार्च २०२१ ला. कंपनी फसवणूक आणि सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली. करोनाची लस ऐन भरात असताना ही बातमी पहिल्या पानावर होती. 'कंपन्या खोटं बोलतात' म्हणणाऱ्याला अफवेची गरजच नव्हती, त्याच्या हातात न्यायालयाचा निकाल होता.

२०२०: मास्क, फॉर्म आणि मार्सेयचा डॉक्टर

१६ मार्च २०२० ला राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी 'आपण युद्धात आहोत' असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपासून टाळेबंदी लागली. घराबाहेर पडायचं तर स्वतःच सही केलेला फॉर्म खिशात हवा. त्यात कारण आणि निघायची वेळ लिहायची. फिरायला जायचं तर एक तास, एक किलोमीटरच्या आत. फॉर्म नसला तर १३५ युरो दंड. एवढी बारीक कागदी शिस्त युरोपात फार कमी देशांनी लावली.

आणि हेच सरकार मास्कबद्दल सांगत होतं की सर्वसामान्यांना त्याचा उपयोग नाही. सरकारच्या प्रवक्त्या सिबेथ एनदियाय यांनी तर आपल्यालाही मास्क नीट वापरता येत नाही असं सांगितलं. खरी अडचण साठ्याची होती. 'मास्क कमी आहेत, ते डॉक्टर-नर्सना आधी लागतील' असं सरळ सांगितलं असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. टंचाई झाकण्यासाठी विज्ञान पुढे केलं गेलं. काही महिन्यांनी तोच मास्क सक्तीचा झाला, न घातल्यास पुन्हा १३५ युरो. पुढे लशीबद्दल सरकार जे काही बोललं, त्यावर या प्रकाराची सावली होती.

याच काळात दक्षिणेतल्या मार्सेय शहराचे प्राध्यापक दिदिए राऊल पुढे आले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने करोना बरा होतो असा त्यांचा दावा होता. आधार होता ३६ रुग्णांचा घाईघाईने केलेला अभ्यास (तो शोधनिबंध डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेतला गेला). दावा टिकला नाही, पण राऊल टिकले, कारण त्यांच्यात लोकांना पॅरिसच्या मक्तेदारीला तोंडावर उत्तर देणारा माणूस दिसत होता. एप्रिल २०२० मध्ये मॅक्रॉन स्वतः त्यांना भेटायला मार्सेयला गेले. औषधाला रुग्णालयांत मार्चमध्ये परवानगी मिळाली, मेअखेर ती काढून घेतली गेली. २०१८ पासून पेट्रोल-डिझेलच्या करावरून रस्त्यावर उतरलेल्या 'पिवळ्या जाकीट' आंदोलनातल्या अनेकांना राऊल आपले वाटले.

मंद सुरुवात

लस आली तेव्हा सरकार लोकांना इतकं घाबरलेलं होतं की त्यानं मोहीमच हळू चालवली. पहिला डोस २७ डिसेंबर २०२० ला पॅरिसजवळच्या सेव्हराँमध्ये दिला गेला. पहिल्या टप्प्यात वृद्धाश्रम होते आणि त्यांच्यासाठी ४५ पानी मार्गदर्शिका तयार झाली. आधी डॉक्टरांची तपासणी, मग संमती, संमती बदलायला मुदत, मग सुई. परिणाम असा की वर्ष उजाडलं तेव्हा जर्मनीत लाखाहून जास्त लोकांना लस मिळालेली होती आणि फ्रान्समध्ये जेमतेम पाचशे जणांना. साशंक लोकांना चुचकारण्यासाठी केलेली ही संथ चाल उत्सुक लोकांना चीड आणणारी ठरली. साशंकांना ती 'यांनाच खात्री नाही' असा पुरावा वाटली. जानेवारीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ३५ नागरिकांची समितीही नेमली गेली. कल्पना वाईट नव्हती, पण तोवर लोकांचा प्रश्न 'लस घेऊ का?' वरून 'लस मिळणार कुठे?' वर आलेला होता.

स्वदेशी लसही नव्हती. पाश्चर इन्स्टिट्यूटने २५ जानेवारी २०२१ ला आपल्या प्रमुख लशीचं काम सोडून दिलं. सानोफीची लस वृद्धांत पुरेशी प्रतिकारशक्ती तयार करत नसल्याने लांबणीवर पडली.

सर्वांत मोठा घोळ ॲस्ट्राझेनेकाचा. २९ जानेवारीला मॅक्रॉन म्हणाले की ही लस ६५ वर्षांवरच्यांत जवळजवळ निरुपयोगी आहे. खरं तर त्या वयाची माहिती अपुरी होती, लस कुचकामी असल्याचा पुरावा नव्हता. फेब्रुवारीत ती फक्त ६५ खालच्यांना द्यायचं ठरलं. १ मार्चला ७४ पर्यंतच्या सहव्याधी असलेल्यांना खुली झाली. १५ मार्चला रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ घटनांमुळे थांबवली. १९ मार्चला पुन्हा सुरू झाली, पण आता फक्त ५५ वरच्यांसाठी, आणि त्याच दिवशी पंतप्रधान जाँ कास्तेक्स यांनी कॅमेऱ्यासमोर ती टोचून घेतली. सात आठवड्यांत वयाची अट उलटीपालटी झाली. शेवटच्या बदलामागे वैद्यकीय कारण होतं, कारण गुठळ्यांचा धोका तरुणांत जास्त दिसत होता. पण तोवर कुणी कारणं ऐकत नव्हतं. (हीच लस पुण्यात 'कोव्हिशिल्ड' म्हणून बनत होती आणि युरोपच्या प्रवास-प्रमाणपत्रात तिचं नाव नव्हतं. फ्रान्सने तिला १८ जुलै २०२१ पासून मान्यता दिली.)

१२ जुलै आणि पास

उन्हाळ्यात डेल्टा आला आणि लस घेणाऱ्यांचा वेग मंदावला. १२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी मॅक्रॉन टीव्हीवर आले. आरोग्यकर्मचाऱ्यांना १५ सप्टेंबरपर्यंत लस सक्तीची, आणि बाकीच्यांसाठी 'आरोग्य पास'. भाषण सुरू असतानाच डॉक्टोलिब या बुकिंगच्या ॲपवर झुंबड उडाली. एका दिवसात नऊ लाखांहून जास्त लोकांनी वेळ घेतली.

पास म्हणजे फोनवर किंवा कागदावर एक क्यूआर कोड. तो तीन वाटांनी मिळायचा: लस पूर्ण झालेली, ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह चाचणी, किंवा ११ दिवस ते ६ महिन्यांपूर्वी आजार होऊन गेल्याचा दाखला. २१ जुलैपासून ५० हून जास्त लोकांच्या करमणुकीच्या आणि सांस्कृतिक जागा, ९ ऑगस्टपासून कॅफे, रेस्तराँ, लांबच्या गाड्या. तपासायचं काम वेटरचं आणि दारावरच्या माणसाचं. आरोग्यकर्मचारी सोडले तर लस कुणावर लादलेली नव्हती, पण कॅफेत बसून कॉफी प्यायची तर दर तीन दिवसांनी नाकात काडी घालून घ्यायची. १५ ऑक्टोबरपासून लस न घेतलेल्यांच्या चाचण्याही फुकट राहिल्या नाहीत, पीसीआरला सुमारे ४४ युरो पडू लागले. काठावरच्या माणसाला यापुढे सुई स्वस्त पडली. नंतरच्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की पासमुळे २०२१ अखेरपर्यंत फ्रान्समध्ये लसीकरण सुमारे १३ टक्केबिंदूंनी वाढलं आणि जवळपास ४,००० मृत्यू टळले. जर्मनीत लसीकरणातली अशी वाढ याच्या निम्म्याच्या आसपास होती.

विरोधही झाला. दर शनिवारी मोर्चे निघत. ७ ऑगस्टला गृहखात्याच्या मोजणीनुसार २ लाख ३७ हजार लोक रस्त्यावर होते. दक्षिणेत, तूलाँ-माँपेलिए-नीस भागात गर्दी मोठी. त्यात पिवळी जाकीटवाले होते, ल पेन यांच्या पक्षातून बाहेर पडलेले फ्लोरियाँ फिलिपो होते, नोकरी जायच्या भीतीने आलेल्या नर्स होत्या, होमिओपॅथीवर श्रद्धा असलेले होते आणि काही ठिकाणी उघड ज्यूद्वेषी फलकही होते. लस घेतलेले पण पास न पटणारे लोकही होते. त्या सगळ्यांना 'लसविरोधी' म्हणणं सोयीचं होतं, बरोबर नव्हतं. ल पेन आणि डाव्यांचे जाँ-ल्युक मेलाँशाँ या दोघांनीही लशीवर थेट हल्ला न करता सक्तीवर केला. ही चतुराई होती, कारण त्यांच्या मतदारांतही लस घेतलेलेच जास्त होते.

४ जानेवारी २०२२ ला प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत मॅक्रॉन यांनी, लस न घेतलेल्यांना शेवटपर्यंत हैराण करायचं आहे, असं शिवराळ शब्दात सांगितलं. संसदेत गोंधळ उडाला. पण हिशेब चुकीचा नव्हता. दहातल्या नऊ प्रौढांनी लस घेतलेली होती आणि न घेणाऱ्यांमुळे अतिदक्षता विभाग भरत असल्याचा त्यांना राग होता. २४ जानेवारीपासून चाचणीची वाट बंद झाली आणि पास फक्त लशीचा किंवा आजार होऊन गेल्याचा उरला. १४ मार्चला, निवडणुकीच्या चार आठवडे आधी, तोही थांबवला गेला. एप्रिलमध्ये मॅक्रॉन ५८.५ टक्के मतांनी निवडून आले. पासविरोधात सर्वांत आधी बोलणाऱ्यांतले उमेदवार निकोला द्युपाँ-एन्याँ यांना पहिल्या फेरीत जेमतेम २ टक्के मतं पडली.

पास कुठे पोचला नाही

पासची ताकद बाहेर फिरणाऱ्यांवर चालते. ऐंशी ओलांडलेली, घरातच असणारी आजी ना सिनेमाला जाते ना रेस्तराँमध्ये. तिला क्यूआर कोडची गरज नाही. म्हणून मृत्यूचा धोका सर्वांत जास्त असलेल्या या वयात फ्रान्स स्पेन-पोर्तुगालच्या मागेच राहिला. पॅरिसच्या उत्तरेकडच्या सेन-सँ-देनीसारख्या गरीब भागात अडचण शंकेइतकीच सोयीचीही होती. स्ताद द फ्राँस हे राष्ट्रीय स्टेडियम तिथेच, पण सुरुवातीला डॉक्टोलिबवर पटापट बोटं चालवणारे पॅरिसकर तिथल्या वेळा पळवत. नंतर बाजारात, वस्तीत, बसमधून लस न्यायला लागल्यावर फरक पडू लागला.

आणि मग कॅरिबियन समुद्रातली ग्वादलूप आणि मार्टिनिक ही फ्रेंच बेटं. तिथे पासही फसला आणि सक्तीही. १९७२ ते १९९३ या काळात तिथल्या केळीच्या मळ्यांत क्लोर्देकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर त्यावर १९९० मध्येच बंदी आली होती, बेटांना मात्र खास सूट दिली गेली. आज तिथल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात त्याचे अंश सापडतात. 'तेव्हाही सुरक्षितच म्हणाला होतात' या वाक्याला पॅरिसकडे उत्तर नव्हतं. २०२१ च्या उन्हाळ्यात डेल्टाने तिथे मोठे बळी घेतले, तरीही लसीकरण मुख्य भूमीच्या निम्म्याच्या आसपासच घुटमळलं. नोव्हेंबरमध्ये आरोग्यकर्मचाऱ्यांवरच्या सक्तीवरून संप झाला, रस्ते अडवले गेले, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली आणि विशेष पोलीस पथकं पाठवावी लागली. सरकारने सक्तीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलली. क्लोर्देकोनच्या खटल्यात तपास न्यायाधीशांनी २ जानेवारी २०२३ ला कुणावरही आरोप न ठेवता प्रकरण बंद केलं. लस न घेतल्याने निलंबित झालेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांना देशभर पुन्हा कामावर येता आलं ते मे २०२३ मध्ये.